जिप्सीला दोन इंच: घरच्या घरी लिफ्ट किट बसवताना

जिप्सी उचलायचा, म्हणजे तिचा सांगाडा चाकांपासून उंच करायचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती इंच? काम घरी, जॅक आणि घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर), वेल्डिंगला हात न लावता करायचं असेल तर उत्तर दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर. त्यापुढे वाढवलेल्या प्रत्येक इंचाची किंमत पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) दुकानात कमी आणि स्टिअरिंग, चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप यांवर जास्त मोजावी लागते.

इथे लिहिलेलं सगळं मारुती जिप्सीला धरून आहे. १९८५ ची एमजी ४१०, १९९३ नंतरची रुंद चाकांची ४१० डब्ल्यू, १९९६ पासूनची १३०० सीसीची जिप्सी किंग आणि २००० नंतरची एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनची), या सगळ्यांचा सांगाडा एकच: पुढे-मागे सॉलिड हाउसिंग (दोन चाकांना जोडणारा एकसंध ॲक्सल), चारही कोपऱ्यांत पाटे, आणि पाटे हाउसिंगच्या खालून गेलेले. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्याही यातच आल्या. जुनी, अरुंद चाकांची ४१० असेल तर मात्र दोन इंचांचाही मोह टाळा आणि एक-सव्वा इंचावर थांबा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ४१० डब्ल्यूमध्ये ९० मिमीने वाढलं. तो फरक आडव्या उतारावर लगेच कळतो.

लिफ्टने काय मिळतं, काय नाही

सॉलिड हाउसिंगच्या गाडीत पाटे कितीही उंच केले तरी डिफरन्शिअलचा गोळा (हाउसिंगवरचा गिअरचा फुगवटा) जमिनीपासून होता तिथेच राहतो. कागदावरचा २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स लिफ्टने एक मिलिमीटरही वाढत नाही. वर जाते ती चासी, आणि तिच्याबरोबर बंपर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स), पेट्रोलची टाकी. म्हणजे दगडी पायरीवर नाक घालताना आणि बांधावरून पोट ओढताना फायदा होतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गोळा घासायचा तो घासणारच.

गोळा उचलायचा तर टायर मोठे लागतात, आणि मोठ्या टायरना चाकावरच्या पत्र्याखाली जागा लागते. लिफ्टचा खरा उपयोग तो. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३.५ मिमी होतो आणि गोळा साधारण १८ मिमी वर जातो. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ मिमी, गोळा जवळपास ३३ मिमी वर. दोन इंचांच्या लिफ्टला २१५/७५ निवांत बसतो. २३५/७५ बसतो, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक वर दाबलं गेलं की पत्र्याला आणि पाट्याला घासायची तयारी ठेवावी लागते, शिवाय १३०० सीसीच्या इंजिनाला घाटात खालचा गिअर मागावा लागतो. स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागतो: २३५ च्या टायरवर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते.

उंची कुठून आणायची

सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला लटकवणारी झुलत्या पट्ट्यांची जोडी. मूळ शॅकलपेक्षा ५० मिमी लांब पट्ट्या घातल्या की गाडी २५ मिमी उठते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि हाउसिंग मध्यावर असतं. दोन इंच हवे असतील तर शॅकल १०० मिमीने लांब करावी लागेल, आणि तसं करू नये. गाडी वळणावर आडवी हलायला लागते, कारण इतकी उंच शॅकल बाजूला झुकते.

पुढच्या बाजूला तर लांब शॅकलचा उपद्रव आणखी आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आणि पक्की पिन मागच्या टोकाला असते. शॅकल लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याबरोबर हाउसिंगचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. हिशेब करून पाहा: पाट्याच्या दोन कानांतलं (टोकांच्या गोल भोकांतलं) अंतर ९०० मिमी धरलं आणि टोक ५० मिमी खाली आलं, तर कोन सव्वातीन अंशांच्या आसपास बदलतो. मूळ कॅस्टरच मुळी साडेतीन अंश. म्हणजे हायवेवर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायची जी सवय असते ती जवळजवळ संपली. गाडी डावी-उजवीकडे भटकायला लागते, आणि मालक बिचारा अलाइनमेंटवाल्याकडे खेटे घालत बसतो. टो-इन (पुढच्या चाकांचं किंचित आत वळणं) कितीही जुळवलं तरी कॅस्टर परत येत नसतो.

दुसरा रस्ता पाट्यात जास्तीचं पान घालण्याचा. उंची मिळते, पण जिप्सीची चाल मुळातच कडक. त्यात एक पान वाढलं की रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि चाक जमिनीला धरून राहण्याऐवजी दगडावरून उडतं. कायम सामान लादलेली गाडी असेल तरच, आणि फक्त मागे, हा मार्ग घ्यावा.

तिसरा, जुन्याच पाट्यांची कमान वाढवून घेण्याचा. पाट्यांचं काम करणारी दुकानं जिथे ट्रक थांबतात तिथे सगळीकडे सापडतात. थंड अवस्थेत घणाने किंवा प्रेसवर एकेक पान वाकवून कमान आणतात. काम बरं होतं, पण वीस-पंचवीस वर्षं वाकलेलं पोलाद पुन्हा बसायला लागतं. आणि तापवून कमान दिली, मग पाणी नीट दिलं नाही, तर पान एकतर महिन्याभरात सपाट होतं किंवा सेंटर बोल्टच्या (सगळी पानं मध्यावर बांधणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी तुटतं. कारागीर भट्टीवर पान लाल करतो आणि तसंच वाऱ्यावर ठेवून देतो असं दिसलं, तर पाटे उचला आणि दुसरं दुकान बघा.

चौथा आणि सरळ मार्ग म्हणजे वाढीव कमानीचे नवे पाटे. पानांची संख्या आणि जाडी मूळ इतकीच, कमान ५० मिमीने जास्त. पाट्याचा कडकपणा तोच राहिला तर मोकळ्या पाट्याची कमान जितकी वाढते, गाडी ढोबळमानाने तितकीच उठते. कॅस्टर जागेवर राहतो, कारण दोन्ही बाजूंना कमान सारखीच वाढते.

पाटे हाउसिंगच्या वर घ्यायचा पाचवा प्रकारही आहे. त्याने पाच इंचांच्या वर उंची मिळते. त्यासाठी हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) बदलावी लागते, शाफ्ट लांब करावे लागतात. घरच्या अंगणातलं ते काम नाही.

पैसे देण्याआधी एक मोजमाप कराच. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टाकी अर्धी, टायरमध्ये हवा सारखी. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. डावी-उजवीत १५ मिमीहून जास्त फरक असेल तर पाटे बसलेले आहेत, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूचे. अशा गाडीला कंपनीच्या मापाचे नवे पाटे घातले तरी ती चांगली उठते, आणि बऱ्याच जणांना हवी असते ती तेवढीच उंची. त्यामुळे 'दोन इंच' हे बसलेल्या पाट्यांवरून मोजायचे की मूळ मापावरून, हे दुकानदाराशी आधीच बोलून घ्या.

नवे पाटे ताब्यात घेताना दोन कानांच्या मध्यातून दोरा ताणा आणि सेंटर बोल्टपाशी दोऱ्यापासून सगळ्यात वरच्या पानापर्यंतचं अंतर मोजा. जोडीतल्या दोघांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका. जुना पाटा शेजारी ठेवून सेंटर बोल्ट दोन्ही कानांपासून त्याच अंतरावर आहे ना, हेही पाहा. तो दहा मिमी इकडेतिकडे असला तर हाउसिंग तिरकं बसतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

सामान

पाटे चार. यू-बोल्ट (पाटा हाउसिंगला आवळणारे) आठ, नट सोळा, सगळे नवेच. जुने यू-बोल्ट एकदा ताणलेले असतात. त्यांचे आटे पुन्हा तोच ताण धरत नाहीत, आणि गंजलेल्या आट्यांवर टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवतो. बुशचे (कानात बसणाऱ्या मऊ नळीचे) अर्धे तुकडे चोवीस: प्रत्येक पाट्याला पक्क्या पिनेपाशी दोन, शॅकलच्या खालच्या कानात दोन, चासीच्या कानात दोन. शॅकलच्या पिना आणि पक्क्या पिना नव्या मिळाल्या तर उत्तमच. शॉकॲब्सॉर्बर चार, पण ते सगळ्यात शेवटी विकत घ्यायचे; कारण पुढे येईल. ब्रेकचे रबरी होज तीन, ब्रेक ऑइल एक लिटर. किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) आणि टाय रॉडच्या (दोन पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) बॉल जॉइंटच्या अवस्थेवर बाकीचा खर्च ठरेल.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे जिप्सीचं बहुतेक सगळं मिळतं. भंगारातले पाटे मात्र कितीही चांगले दिसले तरी घेऊ नका.

हत्यारांत ३ टनी घोड्या चार, ट्रॉली जॅक एक, बाटली जॅक एक, टॉर्क रेंच, लांब टॉमी, ग्राइंडर, वायर ब्रश, छिन्नी, दोन किलोचा हातोडा, आणि शे-दोनशे ग्रॅम वजनाचा चुंबकी डिजिटल कोनमापक. तो शेवटचा नसेल तर काम थांबत नाही, पण नंतरचं अर्धं निदान अंदाजाने करावं लागतं.

खोलण्याआधी

दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक नटावर, शॅकलच्या पिनेवर, शॉकच्या खालच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. कोकणातली गाडी असेल तर आठवडा द्या. खारट हवेत राहिलेल्या जिप्सीची पक्की पिन बुशच्या आतल्या नळीत अशी धरून बसते की नट निघतो, पिन फिरते, पण बाहेर येत नाही. तिथे हातोडा मारत बसण्यापेक्षा ग्राइंडरने पाटा आणि चासीच्या कानामधल्या फटीत पिन दोन्ही बाजूंनी कापावी. पाटा फेकायचाच आहे, चासीचा कान वाचवायचा आहे. गॅसची ज्योत मागच्या बाजूला अजिबात लावू नका. पेट्रोलची टाकी तिथेच आहे, आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांसाठीसुद्धा मधे पत्रा किंवा ओलं गोणपाट धरावं लागतं.

कोनमापक किंगपिनच्या वरच्या टोपीच्या सपाट भागावर ठेवून पुढचा-मागचा कोन नोंदवा. मागच्या डिफरन्शिअलच्या फ्लँजचा आणि ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजचाही नोंदवा. प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडावर रंगाची रेघ मारून ठेवा. नंतर ती किती बाहेर आली ते कळेल.

जागा सिमेंटची हवी. पेव्हर ब्लॉकवर घोडीचा पाय रुततो, मातीवर तर विचारूच नका.

मागची बाजू आधी

मागे स्टिअरिंग नाही, म्हणून हात बसवायला मागची बाजू बरी. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची चासी पाट्याच्या पुढच्या पिनेच्या थोडी पुढे घोड्यांवर टेका, हाउसिंगखाली ट्रॉली जॅक ठेवा. गाडीचं वजन घोड्यांवर आणि हाउसिंगचं वजन जॅकवर, हे दोन हिशेब कधीच एकत्र करायचे नाहीत. चाकं काढून चासीखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी घसरली तर खाली माणसाला जागा राहते.

शॉकचे खालचे बोल्ट काढा. मग ब्रेक होजची चासीकडची क्लिप, नाहीतर हाउसिंग खाली सोडताना होजवर ताण येतो. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसऱ्या बाजूचा पाटा हाउसिंगला जागेवर धरून ठेवतो. दुसऱ्या बाजूचे यू-बोल्ट मात्र दोन-तीन आटे ढिले करा; नाहीतर हाउसिंग फिरायला मोकळं राहत नाही आणि नवा पाटा बैठकीच्या भोकात बसवताना झटापट होते.

यू-बोल्ट, मग शॅकल, मग पक्की पिन, या क्रमाने पाटा खाली येतो. चासीच्या कानांना आतून वायर ब्रश मारा आणि नीट पाहा: गंजून पत्रा सोललेला असेल किंवा वेल्डशेजारी बारीक रेघ दिसत असेल, तर लिफ्टचं काम तिथेच थांबवून आधी कान दुरुस्त करून घ्या.

नवा पाटा लावताना पक्की पिन आधी, शॅकल नंतर. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर सिलिकॉन ग्रीस भरपूर. रबरी बुशला साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नये, रबर फुगतं. नट हाताने लागतील तेवढेच घट्ट ठेवा. हाउसिंग जॅकने हळूहळू खाली घ्या आणि सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात उतरलं याची बोटाने चाचपून खात्री करा. डोकं भोकाच्या कडेवर अडकलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर सगळं ठीक दिसतं. पहिल्या जोरदार ब्रेकला ते डोकं कापलं जातं आणि हाउसिंग मागे सरकतं. या कामात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

यू-बोल्ट तिरके, म्हणजे पुढचा डावा, मागचा उजवा, या क्रमाने थोडेथोडे आवळत साधारण ६० ते ८० न्यूटन-मीटरवर आणा. चारही टोकांना नटाबाहेर आटे सारखे दिसले पाहिजेत. पिना आणि शॅकलचे नट शेवटचे घट्ट करायचे ते चाकं लावून, गाडी जमिनीवर उतरवून, बंपर धरून चार-सहा वेळा हलवून झाल्यावर. लटकत्या अवस्थेत घट्ट केले तर रबरी बुश त्या कोनात चिकटून राहतो, गाडी उतरली की पिळला जातो, आणि काही महिन्यांत फाटतो. गाडी एक-दीड सेंटीमीटर जास्त उंच का दिसते याचंही कारण पुष्कळदा हाच पिळलेला बुश असतो.

शॅकलचा कोन

पाटा लागला, गाडी जमिनीवर आहे, आता बाजूला बसून शॅकल कशी उभी आहे ते पाहा. पाटा दाबला गेला की लांब होतो, आणि त्या लांबीला जागा देण्यासाठी शॅकल पक्क्या पिनेपासून दूर झुलते. म्हणून उभ्या रेषेपासून तिचं खालचं टोक पक्क्या पिनेपासून दूर, १५ ते ३० अंश झुकलेलं असावं. जास्त कमानीचा पाटा दोन कानांमध्ये आखूड असतो, त्यामुळे लिफ्टनंतर शॅकल उभी होते. अगदी सरळ उभी राहिली तर चाल टणक लागते. आतल्या बाजूला, पक्क्या पिनेकडे झुकली असेल तर काम चुकलंय: खड्ड्यात पाटा लांब व्हायला जातो, शॅकल उलटी फिरते आणि चासीवर आपटते. अशा वेळी शॅकल १५-२० मिमीने लांब करून कोन परत मिळवता येतो. त्याने उंची आठ-दहा मिमी वाढते, कॅस्टर एक अंशाच्या आसपास जातो. तेवढा सौदा परवडतो.

शॉकअपचं माप

आता शॉक विकत घ्यायची वेळ. 'दोन इंच लिफ्टचा शॉक' असं नुसतं सांगून घेतलेला शॉक नेमका कधी लागेल कधी नाही. माप आपल्या गाडीचं काढायचं. शॉक न लावता तीन आकडे घ्या. गाडी चाकांवर उभी असताना वरच्या ते खालच्या बोल्टमधलं अंतर. त्याच वेळी बंप रबर (हाउसिंग चासीवर आपटू नये म्हणून लावलेला ठोकळा) आणि हाउसिंग यांमधली फट. आणि चासी घोड्यांवर असताना हाउसिंग पूर्ण खाली सोडून तेच बोल्टमधलं अंतर.

समजा आकडे आले ४१०, ७० आणि ४७५ मिमी. रबर २० मिमी दबेल असं धरलं तर पूर्ण दाबलेल्या अवस्थेत बोल्टमध्ये ३२० मिमी उरतात. शॉकची मिटलेली लांबी त्याहून किमान १० मिमी कमी हवी, म्हणजे ३१० किंवा आत. उघडलेली लांबी ४८५ किंवा जास्त. एकाच शॉकमध्ये दोन्ही बसत नसेल तर बंप रबराखाली ठोकळा देऊन त्याला उंच करा, पण मिटलेल्या लांबीशी तडजोड करू नका. शॉक आधी तळाला लागला तर एका आदळण्यात त्याचा दांडा वाकतो, नाहीतर वरची बैठक चासीपासून उपटून निघते. मूळ लांबीचाच शॉक ठेवला तर उलटं होतं: चाक लटकलं की शॉकच पाट्याला अडवतो, आणि सील गळायला लागतं.

पुढची बाजू

क्रम तोच, पण हाउसिंगला तीन गोष्टी बांधलेल्या असतात: ड्रॅग लिंक, दोन ब्रेक होज, पुढचा शाफ्ट. शाफ्ट खोलायचा असेल तर दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करून मगच खोला. तो फिरवून उलटा लावला तर थरथर येते.

पुढे पाटे बदलून झाल्यावर स्टिअरिंग व्हील तिरकं बसलेलं दिसेल, गाडी सरळ जात असूनही. घाबरायचं कारण नाही. चासी वर गेल्यामुळे ड्रॅग लिंक जास्त उतरती झाली आणि आडवं अंतर कमी पडलं. तिचे लॉकनट ढिले करून लांबी जुळवा. व्हील उपटून स्प्लाइनवर एक दात फिरवून लावायचा शॉर्टकट करू नका: स्टिअरिंग बॉक्समधले गिअर नेमके मध्यावर सगळ्यात कमी मोकळीक ठेवून बसवलेले असतात. व्हील सरळ आणि बॉक्स मध्यापासून सरकलेला, असं झालं की सरळ रस्त्यावरच प्ले जाणवतो. लांबी जुळवल्यावर टो-इन २ ते ६ मिमीत आणा.

मग कोनमापक पुन्हा किंगपिनच्या टोपीवर. आधीच्या नोंदीपेक्षा एक अंशापर्यंत कमी झालं असेल तर सोडून द्या. दोनहून जास्त गेलं असेल तर पाचर घालावी लागेल. पाटा हाउसिंगच्या खाली असल्यामुळे पाचर या दोघांच्या मधे येते, जाड बाजू पुढे. त्याने हाउसिंगचा माथा मागे जातो. पाचर पोलादी घ्या. ॲल्युमिनियमची दबत राहते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. सेंटर बोल्टचं डोकं पाचरीतून वर बैठकीपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून तोही लांब लागतो. पाचरीने डिफरन्शिअलचं नाक खाली झुकतं आणि पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवरचा (टोकाच्या वळत्या सांध्यावरचा) कोन वाढतो, हे लक्षात असू द्या. पुढचे हब फ्री ठेवून (चाकं शाफ्टपासून सोडवून) पळवणाऱ्या गाडीत ते खपतं.

साठच्या आसपास स्टिअरिंग थडथडायला लागलं तर लोक लगेच लिफ्टला दोष देतात. लिफ्टने बहुतेक वेळा फक्त आधीची झीज उघडी पाडलेली असते. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा: हालचाल किंगपिनपाशी दिसली तर बेअरिंगला पुरेसा दाब नाही, टोपीखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करायच्या. व्हील बेअरिंग ढिलं असेल तर हालचाल हबमध्ये दिसेल. टाय रॉडचे बॉल जॉइंट कुणाला तरी स्टिअरिंग डावं-उजवं हलवायला सांगून, जॉइंटवर हात ठेवून तपासा. स्टिअरिंग डॅम्पर सगळ्यात शेवटी बदला. तो थरथर लपवतो, घालवत नाही.

ब्रेकचे पाइप

चासी घोड्यांवर, हाउसिंग पूर्ण खाली, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. दोन्ही अवस्थांत होज हाताने धरून पाहा. सैल वळण दिसलं पाहिजे; तारेसारखा ताणलेला किंवा टायरला लागणारा होज चालणार नाही. जुना होज दोन इंचांत कधी पुरतो, कधी नाही, पण इतक्या वर्षांच्या रबराला वाकवून तडे दिसले की निर्णय आपोआप होतो. लांब होज मिळत नसेल तर चासीवरचा ब्रॅकेट खाली घ्यायला पट्टी बनवतात. तसं करताना लोखंडी नळी हाताने हळूच वाकवा, पकडीने नाही; चिमटली तर नवीच टाकावी लागेल.

मागच्या हाउसिंगचा ब्रीदर पाइपही (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) याच वेळी पाहा. तो ओढून निघाला तर पहिल्याच ओढ्यात डिफरन्शिअलमध्ये पाणी शिरतं आणि तेल दुधासारखं होतं. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार बदलणारा व्हॉल्व्ह आणि हाउसिंगला जोडलेला दांडा आहे, तिथे लिफ्टनंतर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. दांड्याचा ब्रॅकेट जितकी गाडी उठली तितका सरकवा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात.

शाफ्ट

सरकत्या जोडावरची रंगाची रेघ आता किती बाहेर आली ते पाहा. दोन इंचांत ती थोडीच सरकते. पण हाउसिंग पूर्ण लटकलेलं असताना आत किमान २५-३० मिमी स्प्लाइन राहत नसेल तर शाफ्टमध्ये तुकडा घालून घ्यावा लागेल, आणि ते काम बॅलन्सिंगसकट लेथवाल्याचं.

मागच्या शाफ्टचं गणित वेगळं. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस आहे, म्हणून ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि डिफरन्शिअलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, फार तर एक अंशाचा फरक. लांब शॅकलने मागचं नाक वर उचललं जातं आणि ही समांतरता मोडते. मग साठ-सत्तरच्या वेगाला बुडाखाली गुणगुण सुरू होते. इथेही पाचर चालते, पण आधी ट्रान्सफर केसचे तीन रबरी माउंट तपासा. जिप्सीत ते फाटणं नवीन नाही, आणि फाटलेला माउंट ॲक्सिलरेटरवर पाय पडताच केस फिरवून कोन बिघडवतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा अर्थ मूळ बांधणीशी विसंगत बदल चालत नाहीत असाच आहे. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तेव्हा तपासणी होते. उंच शॅकल, पत्र्याबाहेर आलेले टायर तिथे नजरेत भरतात. विम्याच्या दाव्यातही बदल न कळवल्याचा मुद्दा निघू शकतो. म्हणून बरेच जण मूळ पाटे, शॅकल जपून ठेवतात. पाट्यांना तेल चोळून गोणपाटात बांधून ठेवलं तर ते गंजत नाहीत.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या दिवशी घराभोवती, ४० च्या आत. ब्रेक, स्टिअरिंगचं परतणं, आणि पूर्ण वळवल्यावर टायर कशाला लागतो का, एवढंच पाहायचं. हेडलाइटचा झोत भिंतीवर तपासून खाली घ्या, नाहीतर समोरून येणारा प्रत्येक जण अपर-डिपर करणार. १०० किलोमीटरला यू-बोल्ट पुन्हा त्याच आकड्यावर आवळा. पाटे पानांत पानं बसवून घेतात, त्यामुळे पहिल्या वेळी पाव-अर्धा फेरा लागतोच. पाचशेला पुन्हा आवळा, आणि त्याच वेळी हबपासून पत्र्यापर्यंतची चारही मापं पुन्हा घ्या. नवे पाटे दहा-बारा मिलिमीटर खाली बसतात, ते ठीक आहे. एकच कोपरा वीसच्या वर बसला असेल तर तो पाटा दुकानदाराला परत दाखवा. टो-इन, ड्रॅग लिंकची शेवटची जुळणी आणि पत्र्याची काटछाट या पाचशे किलोमीटरनंतरच करायची.